समासातली रेघ

डिसेंबरात राऊमा गावात दुपारी तीनलाच दिवा लावावा लागतो.
तुउलिक्कीने लावला, खुर्ची माझ्याकडे सरकवली
आणि म्हणाली, बस. पण वाचू नकोस.
वाचणारा अर्थ बघतो. आपण फरक बघायचा.

डावीकडे सातवी आवृत्ती, उजवीकडे आठवी.
नांगराच्या विंचची देखभाल-पुस्तिका,
दोनशे बारा पानं, त्यातलं एक
मुद्दाम कोरं ठेवलेलं, आणि तसं त्यावर छापलेलं.
म्हणजे कोरं नाहीच.
तिला ह्याचं अजून हसू येई, एकतीस वर्षांनंतरही.

जिथे बदललं तिथे समासात उभी रेघ.
काळी, दीड मिलिमीटर जाड,
बदललेल्या ओळीच्या माथ्यापासून पायापर्यंत,
केसभरही खाली नाही.
स्वल्पविराम हलला तरी रेघ.
ग्रीसचा डबा बदलला तरी रेघ.
कंपनीने पत्ता बदलला त्या वर्षी, म्हणे,
मागचं अख्खं पान सुतक धरून बसल्यासारखं दिसत होतं.

चार-सतरा ह्या पानावर मी अडलो.
कॉम्प्युटर म्हणत होता: नवे शब्द शून्य, गाळलेले शून्य.
तरी रेघ होती.
नीट बघितलं, तर चौथी पायरी पाचवी झाली होती,
पाचवी चौथी.
आधी: क्लच सोडवा. ब्रेक लावा.
आता: ब्रेक लावा. क्लच सोडवा.

कारणाच्या रकान्यात नुसता आकडा. तीन.
तीन म्हणजे?
तीन म्हणजे जहाजावरून आलेली सूचना.
कॉफी ओतता ओतता ती म्हणाली,
सूचनेचं नाव ओस्मो लेहतिनिएमी.
फेब्रुवारीत आली, बर्फात. दोन बोटं.
पुस्तिकेत लिहिलं होतं तसंच करत होता तो,
पायरीने पायरी.

सातवी आवृत्ती तिनेच तपासली होती.
हे ती बोलली नाही.
पहिल्या पानावर सही होती.

मार्चात सुटी पानं घेऊन मी धक्क्यावर गेलो.
ओस्मो आता विंचवर नव्हता, भांडारात बसे,
दोरखंडं आणि रंगाचे डबे मोजत.
त्याने जुनं पान काढलं,
कडेला तेलाचे अंगठे उमटलेलं, मऊ पडलेलं;
नवं घातलं, फाइलच्या कड्या मिटवल्या,
बदलांच्या यादीत सही केली.
पेन धरलं होतं अंगठा आणि अनामिकेत.

मग म्हणाला, मी कुठे आहे ह्यात?
मी रेघ दाखवली.
चष्मा पुसून त्याने बराच वेळ बघितली.
बारीक आहे, म्हणाला.
आणि मी जिन्याशी पोचल्यावर, मागून:
सरळ आहे पण.

काळ्या दगडावरची रेघ वेगळी.
ही पांढऱ्या कागदावरची काळी,
पुढची आवृत्ती येईतोच टिकते.
नियमच आहे तसा: मागच्या बदलाच्या खुणा
नव्या आवृत्तीत न्यायच्या नाहीत.
नाहीतर सगळा समासच काळा होईल, तुउलिक्की म्हणायची.
म्हणायची,
कारण जूनमध्ये ती निवृत्त झाली,
पोलादी पट्टी आणि कान तुटलेला कप
माझ्या टेबलावर ठेवून.

नववी आवृत्ती माझी.
चार-सतरावर ह्या खेपेला काहीच बदललेलं नाही.
रेघ निवडली.
बोट कळीवर थांबलं, जरा जास्तच.
खिडकीतून क्रेन दिसत होती, तिच्यावर सीगल, आणि काही नाही.
काढली.

आता त्या दोन ओळी अशा बसल्यात
जणू पहिल्यापासून ह्याच क्रमाने होत्या.
ब्रेक लावा.
क्लच सोडवा.
कुणा नव्या पोराला वाटेल,
एवढं साधं लिहून कशाला ठेवलंय.